चोपन्न विमानं, निम्मी जमिनीवर : गो फर्स्टचं प्रकरण

२ मे २०२३, मंगळवार. शाळांना सुट्ट्या लागलेल्या, काश्मीर आणि लेहच्या सहलींचा भर हंगाम. एअरलाइनसाठी हे वर्षातले कमाईचे दिवस. नेमक्या त्या दिवशी मुंबईच्या गो फर्स्टनं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या दिल्लीतल्या पीठापुढे अर्ज टाकला : आम्हाला दिवाळखोरी प्रक्रियेत घ्या. सोबत पुढच्या तीन दिवसांची उड्डाणं रद्द केल्याचं जाहीर केलं. मग तारखा वाढत गेल्या. कंपनी परत उडालीच नाही.

बातमीत एकूण देण्यांचा आकडा ठळक होता, ११,४६३ कोटी रुपये. त्यात बँका आणि वित्तसंस्थांचे ६,५२१ कोटी. पण अर्जातली एक गोष्ट त्या आकड्याहून बोलकी आहे. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवसापर्यंत बँकांचं काहीच थकलेलं नव्हतं. थकले होते ते विमानं भाड्यानं देणाऱ्यांचे आणि माल-सेवा पुरवणाऱ्यांचे पैसे. म्हणजे सावकार दाराशी यायच्या आत घरधन्यानंच कोर्टात जाऊन सांगितलं, की मला वाचवा. कोणापासून, ते पुढे येईलच.

व्यवस्थापनाच्या वर्गात हे प्रकरण मी आवर्जून घेतो, त्याला एक कारण आहे. एअरलाइन म्हटलं की मुलं वहीत बळ, उणिवा, संधी आणि धोके अशा चार चौकटी आखतात आणि भराभर भरतात. संधीच्या चौकटीत : वाढता मध्यमवर्ग, नवे विमानतळ, कमी इंधन पिणारी विमानं. धोक्याच्या चौकटीत : इंधनाचे भाव, रुपयाची घसरण, पुरवठादारावर अवलंबून राहणं. मार्क मिळतात, पण गो फर्स्ट समजत नाही. कारण तिच्या बाबतीत ‘कमी इंधन पिणारी विमानं’ आणि ‘पुरवठादारावर अवलंबून राहणं’ ही एकच ओळ होती, एकाच सहीनं आलेली.

हात राखून चालणारं दुकान

४ नोव्हेंबर २००५ ला गो एअरचं पहिलं विमान मुंबईहून अहमदाबादला गेलं. तेव्हा नाव गो एअर होतं, ‘गो फर्स्ट’ हे बारसं मे २०२१ मधलं. मालक वाडिया. बॉम्बे डाइंग, ब्रिटानियावाले, आणि त्याही आधी मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणारं घराणं. एअरलाइन उभी केली नुस्ली वाडियांचे धाकटे चिरंजीव जेह वाडिया यांनी.

ती सगळी बॅचच सवा वर्षातली. किंगफिशर आणि स्पाइसजेट मे २००५ मध्ये, गो नोव्हेंबरात, इंडिगो ऑगस्ट २००६ मध्ये. किंगफिशरनं थाटात ताफा वाढवला आणि २०१२ मध्ये बसली. इंडिगोनं पहिल्यापासून शेकड्यांनी विमानं मागवली. गो मात्र बाजूनं सावकाश चालत राहिली. मोजकी विमानं, मोजके मार्ग. परदेशी उड्डाणांसाठी त्या वेळच्या नियमानं पाच वर्षांचा अनुभव आणि २० विमानं लागत. अनुभवाची अट २०१६ मध्ये निघाली, २० विमानांची राहिली. गोला तेवढी विमानं जमवायला दशक लागलं, आणि पहिलं परदेशी उड्डाण ऑक्टोबर २०१८ मध्ये फुकेतला गेलं. लोक या सावकाशीला नावं ठेवत. मला तो दोष वाटत नाही. ज्या धंद्यात वाढीच्या हव्यासानं एकामागून एक कंपन्या बुडाल्या, तिथे हात राखून चालणारं दुकान चौदा-पंधरा वर्षं तगलं, हे कमी नव्हे.

पण हात राखून चालणाऱ्यानंही एक मोठा डाव टाकला होता. २०११ मध्ये ७२ एअरबस ए-३२० निओ, २०१६ मध्ये आणखी ७२. एकूण १४४. आणि ताफ्यातल्या निओंना इंजिन एकाच कंपनीचं, अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीचं.

इंजिन

निओ विमानाला दोन इंजिनांपैकी एक निवडता येतं : सीएफएमचं लीप किंवा प्रॅटचं गिअर असलेलं. प्रॅटच्या इंजिनातली कल्पना खरोखर देखणी आहे. नेहमीच्या इंजिनात पुढचा मोठा पंखा आणि त्याला फिरवणारं मागचं टर्बाइन एकाच दांड्यावर असतात, म्हणून दोघांना एकाच वेगानं फिरावं लागतं. पंख्याला सावकाश फिरणं मानवतं, टर्बाइनला जोरात. दोघंही नाइलाजानं मधला वेग धरतात. प्रॅटनं मध्ये गिअर बसवला. सायकलवाल्याला हे सांगावं लागत नाही. टर्बाइन जोरात फिरतं, पंखा त्याच्या साधारण एकतृतीयांश वेगानं, आणि दोघंही खूश. कंपनीचा दावा १६ टक्के इंधन बचतीचा.

ही बचत एअरलाइनला कशी दिसते ते पाहा. आपल्याकडे चालवण्याच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारण ४० टक्के धरला, तर १६ टक्के बचत म्हणजे एकूण खर्चात सहा टक्क्यांहून जास्त घट. ज्या धंद्यात चांगल्या वर्षी शंभर रुपयांत दोन-तीन रुपये सुटतात, तिथे सहा रुपये म्हणजे लॉटरीच. २०११ मध्ये त्या खुर्चीत बसून मीही हेच इंजिन घेतलं असतं. इंडिगोनंही तेच घेतलं होतं.

गोचं पहिलं निओ २०१६ मध्ये आलं, आणि कुरबुरी लगेच सुरू झाल्या. आधी सुरू व्हायला उशीर : गरम इंजिन बंद करून उभं केलं की आतला दांडा असमान तापमानानं किंचित वाकतो, म्हणून पेटवण्याआधी ते काही काळ नुसतं फिरवत ठेवावं लागे. अर्ध्या तासात विमान परत उडवायचं असं ठरवून बसलेल्या एअरलाइनला ती दोन-तीन मिनिटंही बोचतात. मग आतल्या एका सीलचा दोष निघाला आणि मार्च २०१८ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकानं, एका दिवसात ११ निओ जमिनीवर आणली, आठ इंडिगोची, तीन गोची. २०१९ मध्ये टर्बाइनच्या पात्यांनी डोकं वर काढलं. शिवाय ज्वलनकक्षाचं अस्तर होतंच. आपल्याकडची उष्ण, दमट, धुळीची हवा त्याला सोसत नव्हती.

हे अस्तर तपासतात कसं, ते एकदा तरी पाहावं. इंजिन उघडत नाहीत. बाजूचं बोटभर जाडीचं बूच काढतात, त्यातून कॅमेरा लावलेली लवचीक नळी आत सरकवतात आणि इंजिनिअर छोट्या पडद्याकडे डोळे लावून बसतो, दुर्बिणीनं पोट तपासणाऱ्या डॉक्टरसारखा. पडद्यावर एक भेग दिसते. भेगेची लांबी मोजायची, पुस्तकातल्या मर्यादेशी ताडायची. आत असेल तर विमान जातं. बाहेर असेल तर इंजिन उतरवायचं, दुरुस्तीच्या शॉपला पाठवायचं आणि बदली इंजिनाची वाट बघत बसायचं.

खरा घोटाळा या वाट बघण्यात होता. इंजिनं बिघडतात, त्यात नवल नाही. पण एकाच जातीची इंजिनं जगभर एकाच वेळी उतरू लागली, तेव्हा शॉपपुढे रांग लागली आणि बदली इंजिनांचा साठा आटला. मग एअरलाइन काय करते? दोन विमानांचं एकेक इंजिन गेलेलं असेल, तर एकाचं चांगलं इंजिन काढून दुसऱ्याला लावते. एक उडतं, दुसरं पंखाखाली तोलासाठी टांगलेली वजनं घेऊन कोपऱ्यात उभं राहतं. उद्या उडणाऱ्याला आणखी एखादा भाग हवा असला, की तोही त्या कोपऱ्यातल्याच्याच अंगावरून निघतो.

गो फर्स्टनं स्वतः दिलेले आकडे असे : इंजिनांपायी जमिनीवर असलेला ताफा डिसेंबर २०१९ मध्ये ७ टक्के, डिसेंबर २०२० मध्ये ३१ टक्के, डिसेंबर २०२२ मध्ये ५० टक्के. बुडालेलं उत्पन्न आणि वाढीव खर्च मिळून १०,८०० कोटींचा फटका.

उभ्या विमानाचं भाडं

फळ्यावर मी एक ढोबळ हिशेब मांडतो. आकडे धरून चाललेले आहेत, कोणाच्या ताळेबंदातले नाहीत. १८६ आसनांचं विमान, दिवसाला सहा फेऱ्या, ८५ टक्के भरलेलं, सरासरी तिकीट साडेचार हजार. रोजचे ४२-४३ लाख आले. विमानाचं भाडं महिन्याला अडीच कोटी धरलं, तर रोजचं आठ लाख. विमान उडत असेल तर आठ लाख जड नाहीत. उभं असेल तर ४२ लाख शून्य होतात आणि आठ लाख तसेच राहतात. भाडं आसनांचं नसतं, कॅलेंडरचं असतं.

एका वर्षी मागच्या बाकावरून एकानं विचारलं होतं, “सर, मग विमानं परत का नाही केली?” त्याच्या घरी दोन भाड्याचे टेम्पो होते, म्हणून त्याला हे सुचलं. परत करताही येत नाहीत. भाडेकराराला परतीच्या अटी असतात : विमान चालू स्थितीत हवं, कागदपत्रं पूर्ण हवीत, इंजिनं अमुक इतकं आयुष्य शिल्लक असलेली हवीत. ज्याचं इंजिनच शॉपमध्ये पडलंय, ते विमान कोण परत घेणार? म्हणजे गो फर्स्टला वाढता येत नव्हतं आणि धड आखडताही येत नव्हतं. मागच्या दोन वर्षांत विमानमालकांना ५,६५७ कोटी दिले आणि त्यातले सुमारे १,६०० कोटी न उडणाऱ्या विमानांचं भाडं होतं, असं कंपनीनं जाहीर केलं होतं. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत चटका लावणारा आकडा हाच.

बाकीचे धोके होतेच, पण ते सगळ्यांना होते. २५ मार्च ते २५ मे २०२० देशांतर्गत विमानं पूर्ण बंद, मग ऑगस्ट २०२२ पर्यंत कधी क्षमतेवर तर कधी भाड्यावर सरकारी मर्यादा. भाडं, इंजिन, देखभाल हे सगळं डॉलरमध्ये आणि तिकीट रुपयात. २०१९ अखेर ७१ च्या आसपास असलेला डॉलर २०२२ अखेर ८२ च्या पुढे. जून २०२२ मध्ये दिल्लीत विमान इंधनाचा भाव किलोलिटरला १,४१,००० च्या वर गेला. हे इंधन जीएसटीत नाही, त्यावर राज्यं आपापला व्हॅट लावतात. महाराष्ट्रानं मुंबई महानगर, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात. मुंबईच्या या एअरलाइनला ती सवलत जेमतेम महिनाभर लाभली.

तोवर तेल कंपन्या उधारीवर इंधन देईनाशा झाल्या होत्या. रोज पैसे भरा, रोज टाकी भरा. बाजारातून ३,६०० कोटी उभे करायचा आयपीओ २०२१ मध्ये ठरला, सेबीकडे कागद गेले, पण तो आलाच नाही. वाडियांनी हात झटकले असं मात्र म्हणता येत नाही. तीन वर्षांत ३,२०० कोटी ओतले, त्यातले २९० कोटी एकट्या एप्रिल २०२३ मध्ये. कर्जाला तारण म्हणून ठाण्यातली सुमारे ९४ एकर जमीन बँकांकडे होती. ठाण्यात गुंठ्याचे भाव ठाऊक असणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

विस्कटलेलं दुकान गिऱ्हाइकाला आधी कळतं. ९ जानेवारी २०२३ ला बंगळुरूत कंपनीचं दिल्लीचं विमान ५५ प्रवाशांना धावपट्टीजवळच्या बसमध्येच विसरून उडालं. डीजीसीएनं १० लाखांचा दंड केला. देशभर हसू झालं. मला त्यात विनोदापेक्षा ओढाताण दिसली. मे २०२२ मध्ये ११ टक्क्यांच्या आसपास असलेला बाजारातला वाटा मार्च २०२३ मध्ये ६.९ टक्के उरला होता.

दोन बाजू, एक चक्र

इंजिनांसाठी गो फर्स्ट प्रॅटविरुद्ध सिंगापूरला लवादाकडे गेली होती. तिथल्या आपत्कालीन लवादानं मार्च २०२३ अखेर प्रॅटला आदेश दिला : २७ एप्रिलपर्यंत वापरण्याजोगी दहा इंजिनं द्या, मग डिसेंबरपर्यंत दर महिन्याला आणखी दहा. इंजिनं आली नाहीत आणि पाच दिवसांनी अर्ज पडला. प्रॅटचं म्हणणं वेगळं. या एअरलाइनचा आमचे पैसे वेळेवर न देण्याचा जुना इतिहास आहे, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं.

वर्गात इथे दोन तट पडतात. माझ्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. इंजिन नाही म्हणून कमाई नाही, कमाई नाही म्हणून इंजिनवाल्याचे पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून रांगेत नंबर मागे, नंबर मागे म्हणून इंजिन नाही. हे चक्र कुठून सुरू झालं, यावर वकील वर्षानुवर्षं जगतील. ज्याच्याकडे मोजकीच इंजिनं आहेत तो ती आधी मोठ्या आणि रोख देणाऱ्या गिऱ्हाइकाला देणार, हे सांगायला मात्र लवाद लागत नाही.

आणि मोठं गिऱ्हाईक शेजारीच होतं. दुखणं इंडिगोचंही तेच. तिचीही डझनावारी निओ उभी राहिली आणि २०२४ च्या सुरुवातीला तर तो आकडा सत्तरच्या घरात गेला. मग ती का नाही बसली? तिनं जून २०१९ मध्येच पुढच्या २८० विमानांसाठी सीएफएमची इंजिनं मागवून टाकली होती. जुन्या ए-३२० विमानांचे करार तिनं लांबवले, बाहेरून विमानं भाड्यानं आणली, इस्तंबूलसाठी तुर्कीच्या कंपनीची मोठी बोइंग घेतली. प्रॅटकडून भरपाईही मिळवली. आणि मुख्य म्हणजे मार्च २०२३ अखेर तिच्या गाठीशी सुमारे २३ हजार कोटी होते, त्यातले निम्म्याहून जास्त मोकळे. अंगावर चरबी असलेल्याला दोन महिन्यांचा ताप सोसतो. हात राखून चालण्याचा जो गुण मी वर वाखाणला, त्याची किंमत इथे भरावी लागली : लहान राहिलेल्या गिऱ्हाइकाच्या शब्दाला इंजिन बनवणाऱ्याच्या दारात वजन नव्हतं.

त्याच वर्षी २५ जुलैला प्रॅटच्या मूळ कंपनीनं जाहीर केलं, की इंजिनाच्या चकत्यांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत भेसळ राहिली होती आणि शेकडो इंजिनं उतरवून तपासावी लागतील. गो फर्स्टला रडवणारा दोष हा नव्हता, हा आणखी एक वेगळाच. पण वरळीच्या कार्यालयात कुणीतरी ती बातमी वाचून कपाळावर हात मारला असेल.

विमान कोणाचं?

आता सुरुवातीचा प्रश्न. बँकांचं थकलं नसताना कोर्टात धाव का? कारण विमानं कंपनीची नव्हतीच. ५४ च्या ५४ भाड्याची. एअरलाइन घाऊक सवलतीत विमान मागवते, हाती येताच भाडेकंपनीला विकते आणि तिच्याकडूनच भाड्यानं घेते. फरकाचे पैसे हातात पडतात आणि तेवढ्यावर वर्ष निभतं. चांगल्या दिवसांत हीच संधी असते. वाईट दिवसांत मात्र मालक येऊन किल्ली मागतो. दिवाळखोरी संहितेनुसार अर्ज दाखल करून घेतला, की स्थगिती लागते आणि कोणाला काही उचलून नेता येत नाही. गो फर्स्टला हवी होती ती ही स्थगिती.

न्यायाधिकरणानं १० मेला अर्ज मान्य केला. विमानं परत नेता यावीत म्हणून भाडेकंपन्या तोवर डझनावारी विमानांची नोंदणी रद्द करून घ्यायला डीजीसीएकडे गेल्या होत्या, त्यांचे हात बांधले गेले. २२ मेला अपिलातही तेच ठरलं. पण भारतानं २००८ मध्ये केपटाऊन करार स्वीकारलेला, आणि त्यात विमानमालकाला आपलं विमान झटपट परत मिळण्याची हमी आहे. भाडेकंपन्यांच्या जागतिक गटानं भारतावर लगेच प्रतिकूल शेरा मारला. एका एअरलाइनला मिळालेलं संरक्षण सगळ्यांच्या अंगावर आलं, कारण जिथून विमान सुटत नाही तिथे ते देणारा भाड्यात जोखीम मिळवतोच.

इकडे विमानं उन्हापावसात उभी. मालकांनी न्यायालयातून तपासणीची परवानगी मिळवली आणि आत जाऊन पाहिलं तर भाग गायब असल्याच्या तक्रारी केल्या. जुलै २०२३ मध्ये डीजीसीएनं १५ विमानांनी रोज ११४ फेऱ्या सुरू करायला सशर्त मंजुरीही दिली होती. पण पैसे आले नाहीत, आणि पैसे आले असते तरी उडवणार कोण? इंडिगो, एअर इंडिया आणि अकासानं मे महिन्यातच भरती लावली होती. सात हजारांच्या आसपास माणसं, त्यातले वैमानिक सगळ्यात आधी गेले. एअरलाइन बंद पडून महिना झाला, की ती फक्त कागदावर उरते.

३ ऑक्टोबर २०२३ ला केंद्रानं अधिसूचना काढून विमानं आणि इंजिनं या स्थगितीतून वगळली. २६ एप्रिल २०२४ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सगळ्या ५४ विमानांची नोंदणी पाच कामकाजी दिवसांत रद्द करायला सांगितलं. आता एअरलाइनकडे विमान म्हणून काही उरलं नाही. २० जानेवारी २०२५ ला अवसायनाचा, म्हणजे कंपनी गुंडाळून असेल ते विकण्याचा, आदेश झाला. केपटाऊनच्या तरतुदी देशी कायद्यात आणणारं विधेयक एप्रिल २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलं. गो फर्स्टच्या खात्यात मोठी म्हणावी अशी चीज राहिली ती सिंगापुरातला दावा, प्रॅटविरुद्धचा, एक अब्ज डॉलरहून जास्तीचा. ज्या इंजिनानं ती बुडाली, त्या इंजिनावरची तक्रार हीच तिची शेवटची मालमत्ता.

मोकळी झालेली जागा

बाजारात कोणी बसलं, की त्याची गिऱ्हाइकं कुठे जातात ते बघावं. मे २०२३ मध्ये इंडिगोचा वाटा ६१ टक्क्यांवर गेला. श्रीनगर, लेह, पुणे अशा गोच्या मार्गांवर तिकिटं इतकी भडकली, की जूनमध्ये नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना कंपन्यांना बोलावून सांगावं लागलं. ज्या सहलवाल्यांनी गोची जागा आगाऊ धरली होती, त्यांनी दुप्पट मोजून गट नेले किंवा लोकांना पैसे परत केले. प्रवासी स्वतः कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत, बँकांच्या मागे.

मागणीचा मात्र दुष्काळ नाही. २०२४ मध्ये देशांतर्गत प्रवासी १६ कोटींच्या वर गेले. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आणि मुंबईत स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, मिळत नाही हे दोन दशकांचं रडगाणं थोडं तरी थांबेल. पण त्याच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं, हजारो फेऱ्या रद्द झाल्या आणि देशभरच्या विमानतळांवर माणसं सुटकेसवर डोकं टेकून झोपली. बदली विमान द्यायला दुसरं कोणी नव्हतंच. साडेसहा वर्षांपूर्वी गेलेली जेट एअरवेज, अडीच वर्षांपूर्वी गेलेली गो, या रिकाम्या खुर्च्या त्या आठवड्यात सगळ्यांना दिसल्या.

त्या खुर्च्यांवर बसू पाहणारी एक कंपनी पुन्हा मुंबईचीच आहे. अकासाचं पहिलं विमान ७ ऑगस्ट २०२२ ला उडालं, मुंबई ते अहमदाबाद. गोनं २००५ मध्ये सुरुवात केली तो हाच मार्ग. अकासाची पहिली मागणीही ७२ विमानांची, बोइंग ७३७ मॅक्स. या विमानाला इंजिन निवडायची सोय नाही, एकाच कंपनीचं येतं. अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये एका मॅक्सच्या अंगाचं झाकण हवेत उडालं, बोइंगचं उत्पादन मंदावलं, अकासाची विमानं लांबली आणि उडवायला विमान नसलेले वैमानिक पगार घेत बसून राहिले.

तासाच्या शेवटी मी मुलांना वहीचं पान उलटायला सांगतो. चौकटी पुन्हा आखा, आता अकासाच्या. आणि ‘७२ नवी विमानं’ कुठल्या चौकटीत लिहिताय, ते आधी मला दाखवा.